मुंगीचे पंख

मुंगीला पंख फुटले की तिचे मरण जवळ आले, असे आपण सहज म्हणून जातो. ते कितपत खरे आहे, पाहू या.

१७३१ च्या सप्टेंबरात फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर प्रवासात असता लुआर नदीच्या बांधावर त्याला पंखवाल्या मुंग्यांचे थवेच्या थवे दिसले. निरखून पाहतो, तो काय! तो त्यांचा लग्नसोहळाच होता. लहान ते नर, मोठ्या त्या माद्या. हे त्याने लिहून ठेवले. पण छापून निघाले १९२६ साली, त्याच्या मृत्यूनंतर तब्बल १६९ वर्षांनी!

संयोग झाला की नराचे कार्य संपते. थोड्याच अवधीत तो मरतो. म्हण खरी ठरते ती त्याच्या बाबतीत. मादी मात्र जमिनीवर उतरते, आपले पंख आपणच गाळते आणि बिळात शिरून राणी होते. नराकडून मिळालेली ती पुंजी तिला जन्मभर पुरते. जॉन लबक या इंग्रजाने १८७४ पासून पाळलेली एक राणी १८८८ पर्यंत जगली. राणी खरी, पण ती कुणाला हुकूम सोडत नाही. अंडी घालणे हेच तिचे राज्य!

तेव्हा पंख गाळणारी मुंगी दिसली, तर हळहळू नका. तिचा संसार कदाचित आता कुठे सुरू होत असेल.