पराभव एकाचा, सही दुसऱ्याची

११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहाटे फ्रान्समधील कॉम्पियेन्यच्या अरण्यात, रेल्वेच्या एका डब्यात, पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. जर्मन शिष्टमंडळाचे प्रमुख कोणी सेनापती नव्हते. ते होते माथियास एर्झबर्गर. वुर्टेम्बर्ग प्रांतातील एका सामान्य घरात जन्मलेले, शिक्षकी पेशातून राजकारणात आलेले, कॅथलिकांच्या सेंटर पक्षाचे पुढारी. चार वर्षे ज्यांनी युद्ध चालवले ते सेनाश्रेष्ठी मागे राहिले आणि पराभवाच्या कागदावर जर्मनीची पहिली सही एका मुलकी माणसाला करावी लागली. वायमार प्रजासत्ताक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मनीच्या पहिल्या लोकशाहीचे मूळ दुखणे या एका घटनेत सामावलेले आहे.

हे योगायोगाने घडले नव्हते. युद्ध हरल्यात जमा आहे, तत्काळ शस्त्रसंधी हवी, असे हिंडेनबर्ग व लुडेनडॉर्फ या सेनानींनी २९ सप्टेंबर १९१८ रोजीच कैसरला सांगितले होते. त्याच वेळी सत्ता संसदेतील पक्षांकडे सोपवावी आणि पुढचे सारे त्यांनीच निस्तरावे, असा लुडेनडॉर्फ यांचा डाव होता. ९ नोव्हेंबरला बर्लिनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि कैसर हॉलंडला निघून गेला. जर्मनीच्या शहरांत शत्रूचे सैन्य शिरलेले नव्हते. त्यामुळे आपण हरलो, हे सामान्य माणसाच्या गळी उतरेना. वर्षभराने, १८ नोव्हेंबर १९१९ रोजी, हिंडेनबर्ग यांनी संसदीय चौकशी समितीपुढे साक्ष दिली, ती सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेल्याची! शस्त्रसंधी मागणारे हात मोकळे राहिले आणि सही करणारा हात अपराधी ठरला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

वास्तविक आरंभ आशादायक होता. १९ जानेवारी १९१९ च्या निवडणुकीत जर्मन स्त्रियांनी प्रथमच देशाच्या निवडणुकीत मतदान केले. सोशल डेमोक्रॅट, सेंटर आणि जर्मन डेमोक्रॅटिक या प्रजासत्ताकनिष्ठ पक्षांना मिळून तीन चतुर्थांशांहून अधिक मते पडली. परंतु २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर सही करण्याचे ओझेही याच सरकारच्या माथी आले. जर्मनीचा सुमारे १३ टक्के भूभाग गेला, सैन्य एक लाखावर आले, युद्धाचा दोष आणि भरपाई डोक्यावर बसली. नकार द्यावा तर शत्रुसैन्य देशात घुसणार, हे एर्झबर्गर यांनी ओळखले होते. त्यांनी स्वीकाराचा आग्रह धरला आणि आणखी शत्रू जोडले. जून १९२० च्या निवडणुकीत त्या तीन पक्षांचे बहुमत गेले. ते पुन्हा कधीच परत आले नाही.

दुसरी उणीव अशी की राज्य बदलले, पण राज्य चालवणारे बदलले नाहीत. सुव्यवस्थेच्या चिंतेने फ्रीडरिश एबर्ट यांनी जुन्या सेनाधिकाऱ्यांशी समझोता केला. न्यायाधीश कैसरच्या काळातलेच राहिले. मार्च १९२० मध्ये काप यांनी बंड केले तेव्हा सैन्य सरकारच्या मदतीला आले नाही; कामगारांच्या सार्वत्रिक संपाने सरकार वाचले. गणितज्ञ एमिल गुम्बेल यांनी १९१९ ते १९२२ या काळातील राजकीय खुनांची मोजदाद केली. उजव्या गटांनी केलेल्या ३५४ खुनांपैकी ३२६ खुनांना शिक्षाच झाली नव्हती.

त्या खुनांत एक खून एर्झबर्गर यांचा होता. अर्थमंत्री या नात्याने त्यांनी करव्यवस्था केंद्राच्या हाती आणून धनिकांवर भार टाकला, तेव्हा द्वेषात भरच पडली. २६ ऑगस्ट १९२१ रोजी ब्लॅक फॉरेस्टमध्ये फिरत असताना दोन माजी नौदल अधिकाऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. मारेकरी परदेशी पळाले. त्यांना शिक्षा झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर.

आपल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रजासत्ताकाविषयी कॅथलिक समाजातही एकमत नव्हते. १९२२ च्या म्युनिक येथील कॅथलिक मेळाव्यात कार्डिनल फाउलहाबर यांनी १९१८ च्या क्रांतीला शपथभंग आणि राजद्रोह म्हटले. मेळाव्याचे अध्यक्ष, कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी त्याच व्यासपीठावरून आपला मतभेद नोंदवला. १९२५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत सेंटर पक्षाचे विल्हेल्म मार्क्स उभे असताना बव्हेरियातील कॅथलिक पक्षाने पाठिंबा दिला तो हिंडेनबर्ग यांना! ते निवडून आले. राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाने अध्यक्षाला आणीबाणीचे व्यापक अधिकार दिलेले होतेच. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलरला चॅन्सेलर नेमणारे अध्यक्ष हेच हिंडेनबर्ग.

१९४९ च्या नव्या राज्यघटनेने अध्यक्षाचे अधिकार कमी केले, आणि आडेनाउअर पहिले चॅन्सेलर झाले. कलमे सुधारली, हे महत्त्वाचे खरेच. परंतु त्याआधी, मे १९४५ मध्ये, आणखी एक फरक पडला होता. या वेळी शरणागतीच्या कागदावर सह्या केल्या त्या योडल आणि काइटेल या सेनानींनी. पराभव कोणाचा, हे सांगायला खंजिराची कथा रचण्यास जागा उरली नव्हती. ज्या सत्याचा पाया १९१८ मध्ये घातला गेला नाही, तो या वेळी आधी घातला गेला. घर त्यावर उभे राहिले.