केदाराची वाट



वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत मीही काही लिहावे, असा अध्यक्षीणबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याची सवय म्हणाल तर मंडळाच्या जमाखर्चाची वही आणि वाण्याची यादी एवढीच. परंतु गेल्या वर्षीच्या आपल्या यात्रेविषयी अजून अधूनमधून कुजबुज चालते, तिला उत्तर देणे माझ्याकडे राहिले आहे. पैसे खर्च झाले, दगदग झाली आणि केदारनाथाचे दर्शन मात्र घडले नाही, हे खरे. सोनप्रयागहून माघारी फिरू या, असे मीच म्हटले, हेही खरे. घरी आल्यावर मनाला चैन पडेना. म्हणून वाचनालयातून मिळाली तेवढी पुस्तके आणली आणि दुपारची कामे आटोपल्यावर वाचीत बसले. देवाचे माहात्म्य आपणा सर्वांना ठाऊक आहे. मी सांगणार आहे तो त्याच्या वाटेचा इतिहास.

केदारनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. समुद्रसपाटीपासून ३,५८३ मीटर उंचीवर, म्हणजे साडेअकरा हजार फुटांच्याही वर, मंदाकिनी नदीच्या उगमाशी हे दगडी मंदिर उभे आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दरवाजे उघडतात आणि आपण भावाला ओवाळतो त्या भाऊबीजेला ते बंद होतात. मग सहा महिने सारे बर्फाखाली. तेवढा काळ देवाची उत्सवमूर्ती खाली उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात असते व तिथेच पूजा होते.

आज ऋषिकेशपासून सोनप्रयागपर्यंत मोटार जाते. पूर्वी ही सारी वाट पायीच चालावी लागे. माझ्या आजेसासूबाई स्वातंत्र्यानंतर दोनचार वर्षांनी बद्रीकेदारला गेल्या होत्या. मोटार मिळेल तिथवर मोटार आणि पुढे पायी. निघताना त्यांनी कमरेच्या किल्ल्या थोरल्या जाऊबाईंच्या हाती दिल्या आणि म्हणाल्या, "आले तर माझ्या, न आले तर तुमच्या." त्यांच्या सोबतच्या एक बाई वाटेत पटकीने गेल्या. किल्ल्या परत मिळाल्या खऱ्या, पण त्या बाईंचे नाव काढले की आजेसासूबाई घास खाली ठेवीत, असे सासूबाई सांगतात.

अशा वाटेवर यात्रेकरूंचा निभाव कसा लागे? या वाटेवर थोड्याथोड्या अंतरावर 'चट्टी' असे. चट्टी म्हणजे मुक्कामाची जागा. तिथल्या दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप विकत घेतले की राहण्याचे भाडे पडत नसे, आणि स्वयंपाकाला भांडीही तोच देई. आपल्यासारख्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको! काळी कांबळी पांघरणारे स्वामी विशुद्धानंद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाटेत ठिकठिकाणी धर्मशाळा व अन्नछत्रे उभी केली. त्यांच्याही शंभर वर्षे आधी आपल्या चौंडी गावची लेक, अहिल्याबाई होळकर (१७२५ ते १७९५), हिने महेश्वरला बसून केदारनाथी धर्मशाळा बांधविली. स्वतः राज्याच्या धबडग्यात, पण कुठल्या अनोळखी म्हातारीला थंडीत निवारा मिळावा याची काळजी तिला होती. देव डोंगरात आहे, पण तिथवरची वाट माणसांनी केली आहे, हे मला या वाचनातून कळले.

ही वाट किती नाजूक आहे, हे १८९३ साली दिसले. त्या वर्षी गोहना गावाजवळ अख्खा कडा कोसळून बिरही गंगेत पडला आणि नदी अडून मोठे तळे साचले. ही नदी पुढे अलकनंदेला मिळते आणि तिच्या काठानेच बद्रीनाथाची वाट जाते. हा बांध पुढल्या पावसाळ्यात फुटणार, हे सरकारी इंजिनियरांनी ओळखले. तळ्यापासून खाली गावोगावी खबर देण्यासाठी तारायंत्र बसविले, झुलते पूल काढून ठेवले आणि काठची वस्ती उंचावर हलविली. १८९४ च्या २५ ऑगस्टच्या रात्री बांध फुटला. श्रीनगर हे गढवालचे जुने शहर वाहून गेले, पण माणसे वाचली. गेली ती पाचच. एक फकीर आणि त्याचे कुटुंब. त्यांना तिथून हलविले होते, तरी ती पुन्हा मागे जाऊन राहिली होती.

पुढे २० जुलै १९७० रोजी याच अलकनंदेला पूर आला. डोंगरावरची झाडे तोडली की माती सुटते आणि माती सुटली की घरे जातात, हा धडा तिथल्या बायकांनी पुरातून घेतला. २६ मार्च १९७४ रोजी रैणी गावात ठेकेदाराची माणसे झाडे तोडण्यास आली, तेव्हा गावातले पुरुष नेमके बाहेर गेलेले होते. गौरादेवी सत्तावीस बायकांना घेऊन रानात गेल्या आणि झाडांच्या आड उभ्या राहिल्या. तोडणाऱ्यांना परत जावे लागले. या गौरादेवी गावच्या महिला मंगल दलाच्या प्रमुख होत्या. म्हणजे आपल्यासारख्याच एका मंडळाच्या! हे वाचले तेव्हा माझे मन भरून आले.

आणि मग २०१३. जूनच्या १६ व १७ तारखेला अतोनात पाऊस झाला आणि मंदिराच्या वरच्या अंगाचे चोराबारी तळे फुटले. एक प्रचंड शिळा मंदिरामागे येऊन अडली, पाणी दोहों बाजूंनी गेले आणि मंदिर वाचले. पण वाटेवरची रामबाडा ही मुक्कामाची वस्ती उरलीच नाही. त्या राज्यात पाच हजारांहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. गौरीकुंडापासूनची जुनी चौदा किलोमीटरांची वाट मोडली. आता रामबाड्यापुढे ती नदीच्या दुसऱ्या तीरावरून जाते, आणि अधिक लांब पडते. नोंदणीवाचून कोणास वर सोडीत नाहीत, आणि पाऊस वाढला की यात्रा थांबवितात.

तशीच ती आपली थांबविली. सोनप्रयागला दोन दिवस पाऊस कोसळत होता. एक खेचरवाला म्हणाला, "मी आडवाटेने नेतो." आपल्यातल्या काहीजणी तयारही झाल्या, "देव बघून घेईल" म्हणाल्या. मला त्या वेळी गोहना ठाऊक नव्हते. मला फक्त आजेसासूबाईंच्या किल्ल्या आठवल्या, आणि मी नको म्हटले. तिसऱ्या दिवशी वाट उघडली, हे आम्हांला ऋषिकेशला पोहोचल्यावर कळले. त्या रात्री मी डोक्यावर पांघरूण घेऊन रडले.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई सोनप्रयाग सोडल्यापासून गाडीत एक शब्द बोलल्या नव्हत्या. गुप्तकाशीच्या समोरच्या डोंगरावर उखीमठ आहे. तिथे थांबलो. देव त्या वेळी वर होते. सासूबाईंनी ओंकारेश्वराला नमस्कार केला, अंगणात बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊबीजेनंतर ते इथंच येतात ना? मग आपण जरा लवकर आलो, एवढंच."

मैत्रिणींनो, आता माझी चूक सांगते. चूक माघारी फिरण्यात नव्हती. परतीचे आरक्षण एक दिवसही मोकळा न ठेवता केले, ही चूक होती आणि ती माझी होती. डोंगराच्या यात्रेला आपल्या सोयीचा दिवस बांधून चालत नाही. पुढल्या यात्रेसाठी जमाखर्चाच्या वहीत मी 'राखीव दोन दिवस' असा नवा रकाना आखला आहे. त्याच्या खर्चाला सर्वांनी संमती द्यावी, आणि जाताना आपापल्या किल्ल्या घरी हसत देऊन यावे, ही विनंती.

चूकभूल द्यावी घ्यावी.