डहाणूच्या मास्तरांची संख्या

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतली पगारपत्रके तपासता तपासता आमचे केस पिकले. आमचे गणित तेवढेच. तरी आपल्याच डहाणूस १९०५ साली जन्मलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांवर बोलण्यास आम्ही कचरत नाही. तेही कोणी प्राध्यापक नव्हते; १९३० ते १९६२ देवळालीस शाळामास्तर होते.

एकदा गेटसभा उठल्यावर आम्ही भिंतीवर खडूने नऊ एकांची संख्या मांडली आणि तिला तिनेच गुणले. एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत उतरल्या. कोणत्याही घराची बेरीज नवापलीकडे जात नाही, म्हणून हातचा नाही! उत्तर आले १२३४५६७८९८७६५४३२१. खात्यातली मंडळी घरी जायचे विसरली.

असल्या संख्यांना मास्तरांनी 'डेमलो' म्हटले, तेही डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून. हिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने ती निःशेष भागली जाते; कारण नऊ एकांना ९ने भाग जातो, आणि संख्या तर त्यांचाच वर्ग. आपल्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' हे नाव दिले.

कित्येक विद्वानांनी याला पोरखेळ ठरवले. मास्तर आपल्या पुस्तिका स्वतःच छापून घेत राहिले. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनरांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला ते ठाऊक झाले. मास्तर तेव्हा सत्तरीचे होते. पोरखेळ म्हणणाऱ्यांनी दहा एक घेऊन पाहावेत: मधल्या घरात दहा येतात, हातचा येतो आणि चढउतार मोडतो. असे का, हे त्या संध्याकाळी एका फिटरने आम्हांस समजावून दिले.