ऊन, पाणी आणि पांढरी पूड

मागच्या व्याख्यानात आपण खतांच्या कारखान्यापाशी थांबलो होतो. अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन आजही मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशातून काढतात, सोबत कार्बन डायऑक्साइड येतोच. मग नुसत्या उन्हाने पाणी फोडून तो का मिळवू नये? हा प्रयत्न सुरू कुठे झाला आणि अडला कुठे, ते आज बघू.

१९६७ साली टोकियो विद्यापीठात केनिची होंडा यांच्या हाताखाली अकिरा फुजिशिमा शिकत होते. त्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात ठेवून त्यावर झेनॉन दिव्याचा झोत सोडला. स्फटिकावर ऑक्सिजनचे बुडबुडे आले, तारेने जोडलेल्या प्लॅटिनमवर हायड्रोजनचे. झिंक ऑक्साइड अशा प्रकाशात स्वतःच विरघळतो. हा स्फटिक मात्र जसाच्या तसा राहिला. १९७२ मध्ये 'नेचर'ने लेख छापला आणि पुढच्याच वर्षी तेलसंकट आलं. मुहूर्त असा लागला, मग गाजावाजा होणारच!

पण उन्हात ठेवल्यावर कार्यक्षमता भरली सुमारे ०.४ टक्के. कारणं दोन. या पदार्थाला अतिनील किरण लागतात, आणि सूर्यप्रकाशात ते जेमतेम ४-५ टक्के. दुसरं म्हणजे प्रकाशाने सुटा झालेला इलेक्ट्रॉन आणि त्याची मागे उरलेली रिकामी जागा, हे दोघे पृष्ठभागावर पोचण्याआधीच पुन्हा एकमेकांना गाठतात. ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. म्हणून कण बारीक करायचे. २०-२५ नॅनोमीटरच्या कणात पृष्ठभाग जवळच असतो, आणि अशा एका ग्रॅम पुडीचा पृष्ठभाग भरतो सुमारे ५० चौरस मीटर. म्हणजे मुंबईतला एक वन-बीएचके म्हणा ना.

दरम्यान १९७७ मध्ये टेक्सासच्या फ्रँक आणि बार्ड यांनी दाखवलं की हीच पूड पाण्यातलं सायनाइड नष्ट करते. रंगाच्या धंद्यात याची झलक आधीच मिळाली होती: टायटॅनियमचा पांढरा रंग उन्हात हळूहळू भुकटी सोडतो, कारण तो स्वतःचाच बांधणारा थर जाळतो. तिथली तक्रार इथे गुण ठरली. पाणी फोडणं म्हणजे चढण चढणं, ऊर्जा घालावीच लागते. ऑक्सिजनच्या साथीने घाण जाळणं म्हणजे उतार. सांडपाण्याचं काम आधी मार्गी लागलं ते आमच्या मते यामुळेच. तिथेही एक खोच आहेच. इतकी बारीक पूड पाण्यातून परत काढायची कशी? काचेवर बसवली तर पृष्ठभाग घटतो.

हायड्रोजनचं काय? २०२१ मध्ये टोकियो विद्यापीठाच्याच काझुनारी डोमेन यांच्या गटाने १०० चौरस मीटरचे पॅनेल उघड्यावर मांडले. निघणारा हायड्रोजन-ऑक्सिजनचा स्फोटक मिश्रवायू पडद्यातून गाळून वेगळा केला. कार्यक्षमता जास्तीत जास्त ०.७६ टक्के. गंमत अशी की, स्ट्रॉन्शियम टायटॅनेटच्या अशाच कणांनी आदल्या वर्षी प्रयोगशाळेत ठरावीक अतिनील पट्ट्यातला जवळजवळ प्रत्येक शोषलेला प्रकाशकण कामी लावला होता. इलेक्ट्रॉन निसटण्याचं कोडं तिथे सुटलं. दृश्य प्रकाशाचं अजून बाकी आहे.