सोयाबीनचें पिवळें पान

मुंबईच्या उपनगरांतील स्वयंपाकघरांत सोयाबीनचें तेल आज नित्याचें झालें आहे. परंतु १९३५ सालीं महात्मा गांधींनीं वर्ध्याच्या मगनवाडींत या धान्याचे आहारप्रयोग आरंभिले, तेव्हां महाराष्ट्राला तें जवळजवळ अपरिचितच होतें. पुढें विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनींत तें पसरलें. खुरपणीला मजूर मिळेनासे झाले, तशीं तणनाशकें आलीं; आणि त्यांच्यामागून एक शंका आली. पावसाळ्यांत सोयाबीनचीं कोंवळीं पानें पिवळीं पडतात, तीं तणनाशकानें लोह, जस्त, मँगनीज हीं सूक्ष्म अन्नद्रव्यें जखडून टाकल्यामुळें काय?

या शंकेस इतिहासाचा आधार आहे. ग्लायफोसेट ज्या वर्गांत मोडतें, त्या रसायनांचें पेटंट अमेरिकेंत १९६४ सालीं धातू बांधून ठेवणारे पदार्थ म्हणूनच घेतलें गेलें. त्याचा तण मारण्याचा गुण जॉन फ्रांझ यांस १९७० सालीं आढळला, आणि १९७४ सालीं तें बाजारांत आलें. फवाऱ्याच्या पाण्यांत जस्त वा मँगनीज मिसळल्यास त्याची शक्ति आजही घटते.

१९९६ पासून अमेरिकेंत हें औषध सोसणारें सोयाबीन पेरलें जाऊं लागलें, आणि वाद पेटला. डॉन ह्यूबर यांनीं पिकाच्या उपासमारीचा इशारा दिला. उलट स्टीफन ड्यूक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं पुरावा तपासून, बहुतेक प्रयोगांत तसा परिणाम दिसत नाहीं, असा निर्वाळा दिला. टाकींतील पाण्यांत जें घडतें, तें शेतांत घडेलच असें नाहीं. कारण मातींतील धातूंच्या मानानें औषधाची मात्रा अत्यल्प असते.

महाराष्ट्रांतील गोष्ट आणखी निराळी आहे. तसलें सोयाबीन पेरण्यास भारतांत परवानगी नाहीं. म्हणून उभ्या पिकांत इमॅझेथापायरसारखीं निवडक तणनाशकें वापरतात. त्यांनींही पानें थोडे दिवस पिवळीं पडूं शकतात. परंतु चुनखडीच्या काळ्या जमिनींत पाणी सांचलें, तर लोह असूनही मुळांस मिळत नाहीं. मग कोंवळें पान पिवळें होतें व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

श्रोते विचारतील, खरा दोषी ओळखावा कसा? शेताचा एक पट्टा तणनाशकावांचून ठेवावा. पिवळ्या पिकाच्या थोड्या भागावर हिराकसाचें सौम्य द्रावण फवारावें. पानें हिरवीं झालीं, तर उणीव लोहाची. फवारलेलाच भाग पिवळा दिसला, तर संशय औषधावर. चुकीच्या निदानाचा खर्च शेवटीं शेतकऱ्याच्याच पदरीं पडतो.