वजन उतरलं, पुढची वीस वर्षं?

मे 2022 मध्ये आमच्या बेंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका तरुण कन्नड अभिनेत्रीचा मृत्यू झाला. ती सौंदर्यशस्त्रक्रिया होती. आजचा विषय वेगळा आहे: जठर-आतड्यांवरची शस्त्रक्रिया, जी 2011 मध्ये नितीन गडकरींनी करून घेतली.

सुरुवात 1954 ची, अमेरिकेतल्या मिनेसोटाची. क्रेमेन आणि लिनर या शल्यविशारदांनी लहान आतड्याचा बराचसा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला. खाल्लेलं अंगीच लागेना. वजन झरझर उतरलं. काटा खूश, डॉक्टर खूश. पुढची वीसेक वर्षं ही पद्धत जोरात चालली. हिशेब उशिरा आला. सततचे जुलाब, मूतखडे, काहींचं तर यकृतच निकामी. मूतखडे का? न पचलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम धरून ठेवते, मग मोकळं राहिलेलं ऑक्झलेट रक्तात शिरून मूत्रपिंडात साठतं. काट्यावर यातलं काहीच दिसत नव्हतं! शेवटी पद्धत सोडावी लागली, कित्येकांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली.

आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी साठच्या दशकात जठर लहान करून बायपास केला. पण मला त्यांचं दुसरं काम मोठं वाटतं: ऐंशीच्या दशकात त्यांनी अशा रुग्णांची नोंदवही सुरू केली. स्वीडनमध्ये 1987 पासून सुमारे 4,000 लोकांचा मागोवा घेतला गेला. 2007 मध्ये दिसलं की शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यू कमी. त्याच वर्षीचा युटाचा अभ्यास मात्र नीट ऐका. बायपासनंतर एकूण मृत्यू 40 टक्क्यांनी कमी, मधुमेहाने होणारे 92 टक्क्यांनी कमी. पण आत्महत्या, अपघात अशा कारणांचे मृत्यू 58 टक्क्यांनी जास्त. पोट आवरलं म्हणून मन आवरतंच असं नाही.

आता स्लीव्ह जास्त चालते. जठराचा बहुतेक भाग कापून काढतात, तो परत बसवता येत नाही. काहींना जळजळ कायमची जडते. बी-12, लोह यांची कमतरता वर्षांनंतरही येते. शाकाहारी घरांत बी-12 आधीच बेताचं.

इथे नोकरीला आलेली आपली मुलं शस्त्रक्रिया करून घेतात, मग बदलीवर पुण्याला किंवा परदेशी जातात. गोळ्या सुटतात, रक्ततपासणी राहते. नव्या डॉक्टरला ‘पोटाचं ऑपरेशन झालंय’ एवढं सांगून भागत नाही. बायपास की स्लीव्ह, कुठल्या साली, हे लागतं. तो कागद जपून ठेवा.