बाळगण्याचा परवाना

ज्यांच्या घरी १९६०-७० च्या दशकांत रेडिओ होता, त्यांना टपाल कार्यालयातून मिळणारे परवान्याचे छोटे पुस्तक आठवत असेल. दरवर्षी शुल्क भरायचे, नोंद करून घ्यायची, आणि मग निश्चिंतपणे गाणी ऐकायची. गाणी ऐकण्यास सरकारची परवानगी का लागावी? याचे उत्तर आपल्या कायद्यांतील एका क्रियापदात आहे : 'बाळगणे'.

१८८५ चा भारतीय तार कायदा झाला तेव्हा बिनतारी संदेशवहन अस्तित्वातच नव्हते. तारा, खांब, कचेऱ्या हे सारे डोळ्यांना दिसणारे होते. त्यामुळे तारयंत्रणा उभारणे व चालवणे यांचा एकाधिकार सरकारकडे ठेवला की काम भागत असे. पुढे १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात बिनतारी लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली. १९०२ मध्ये हुगळीच्या मुखाजवळ सागर बेट आणि सँडहेड्स यांच्यात बिनतारी तारसेवा सुरू झाली. खांब रोवण्यास जागाच नाही, तेथे हे तंत्र प्रथम उपयोगी पडले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खरी अडचण उभी राहिली ती नभोवाणीमुळे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. श्रोत्याने वर्षाला १० रुपये परवाना शुल्क द्यावे आणि त्यातील मोठा वाटा कंपनीस मिळावा, अशी योजना होती. परंतु बंद दाराआड कोण काय ऐकतो, हे सिद्ध कसे करणार? शुल्क बुडवणारे पुष्कळ निघाले, आणि १९३० मध्ये कंपनी गुंडाळावी लागली. मग १९३३ चा बिनतारी तारयंत्रणा कायदा आला. वापर सिद्ध करण्याची गरजच त्याने काढून टाकली. विनापरवाना यंत्र जवळ असणे हाच गुन्हा ठरला. पहिल्या खेपेस दंड कमाल १०० रुपये, पुढे २५० रुपये. महसुलाची गळती थांबवण्याचा हा साधा कारकुनी उपाय होता.

उपाय साधा असला तरी हत्यार मोठे होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. प्रक्षेपक एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत त्यांनी नोव्हेंबरपर्यंत पोलिसांना चकवले. अशा रेडिओमुळे उभारी मिळालेल्या चळवळीचे सरकार आल्यावर कायदा सैल होईल, असे कोणास वाटले असेल. घडले उलटे. १९४९ च्या दुरुस्तीने विनापरवाना प्रक्षेपक बाळगण्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. खुर्चीवर बसलेल्यास लहरींची भीती वाटते, मग खुर्ची कोणाचीही असो.

श्रोत्यांचे परवाने १९८० च्या दशकात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत यांच्यासह तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचे सांगितले. तरीही 'बाळगणे' कायम राहिले.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमान-निकोबारचा संपर्क तुटला. त्याच महिन्यात विशेष परवानगीने पोर्ट ब्लेअरला आलेल्या हौशी रेडिओचालकांनी आपल्या संचांवरून निरोप पोहोचवले, नातेवाइकांची चौकशी मुख्य भूमीपर्यंत नेली. ते त्या वेळी तेथे होते, हा योगायोग. आपत्ती-व्यवस्थापनाच्या आराखड्यात योगायोगाचा रकाना नसतो.

पुढल्याच महिन्यात, जानेवारी २००५ मध्ये, एक लहानशी अधिसूचना निघाली. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली. घरोघरचे वाय-फाय आणि ब्लूटूथ या सुटीवर चालतात. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टाही त्याच वर्षी मोकळा झाला. टोलनाक्यावरचा फास्टॅग त्या पट्ट्यात वाचला जातो. एवढ्या मोठ्या उपयोगाची अधिसूचना क्वचितच इतकी दुर्लक्षित राहिली असेल.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने दोन्ही जुन्या कायद्यांची जागा घेण्याचे ठरवले. त्याची कलमे २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. त्याच्या तिसऱ्या कलमातही रेडिओ-उपकरण बाळगण्यास अधिकृत मान्यता आवश्यक धरली आहे. सरकारला सूट देण्याचे अधिकार आहेत. मात्र उपग्रहाशी थेट जोडणाऱ्या संचांबाबत, २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर तर विशेषच, धोरण कडक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर काही परदेशी पर्यटकांना अशाच उपकरणांमुळे अडवण्यात आले. त्यांतील एक संच गिर्यारोहक वाट चुकल्यास मदत मागण्यासाठी जवळ ठेवतात, त्या प्रकारचा होता.